क्वेस्ट ऑफ द अवतार : सहावा आठवडा आणि गमावलेला एक अष्टमांश

रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ हा १९८५ चा संगणकीय गेम मी आषाढ लागल्यापासून डॉसबॉक्स या जुने गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर खेळत आहे. आरंभी जिप्सी बाईने पत्ते मांडून विचारलेल्या सात पेचांना मी जी उत्तरे दिली, त्यांत नम्रता वरचढ ठरली आणि मेंढपाळ होऊन मी मॅजिन्शियाजवळ उतरलो. गर्वापायी उद्ध्वस्त झालेल्या या नगरीत भुतांचा आणि सांगाड्यांचा वावर असल्याने तेथून निघायचे ते चंद्रद्वारानेच. गेममधल्या ट्रॅमल या चंद्राच्या कलेवर कोणते द्वार उघडेल हे ठरते आणि फेलुका या दुसऱ्या चंद्राच्या कलेवर ते कोठे नेईल हे; या दोहोंचा तक्ता मी अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या चौकटीच्या वहीत मांडला आहे.

माझा सर्वाधिक वेळ मूनग्लो या नगरात गेला. तेथे जादूसाठी लागणारी सामग्री विकणारी स्त्री अंध आहे. ती लसणाची किंमत सांगते, किती नाणी ठेवायची ते आपण टंकायचे असते, आणि कमी ठेवली तरी ती माल देते. गेम त्या क्षणी काहीही बोलत नाही, मात्र प्रामाणिकपणाच्या खात्यातून आत कोठेतरी वजावट होते. शेवटी मारण्यासाठी कोणी महाखलनायक ठेवण्याऐवजी आठ सद्गुणांचा असा अदृश्य हिशोब ठेवणे, हे या रचनेचे मोठेपण आहे असे मला मनापासून वाटते.

दर वेळी पूर्ण दाम मोजत आणि हॉकविंड या द्रष्ट्याला आपली स्थिती विचारत मी चौथ्या आठवड्यात प्रामाणिकपणाच्या देवस्थानी पोहोचलो, त्या सद्गुणाचा रून (चिन्हांकित दगड) जवळ ठेवून त्याच्या मंत्राचे ध्यान केले आणि पहिला अष्टमांश, म्हणजे अवतारपदाचा आठवा हिस्सा, मिळवला. (तो मंत्र मराठी कानाला थेट ‘अहम्’ असा ऐकू येतो, त्यामुळे टंकताना मी क्षणभर थबकलो.) गेल्या शनिवारी रात्री मात्र एका नगरात बंद दारामागे पेटी दिसली आणि इतर गेमांच्या सवयीने मी ती उघडली. सोने मिळाले, आणि त्याखालीच एक अष्टमांश गमावल्याची ओळ उमटली. मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसलो.

दशावतारांवर वाढलेल्या आपल्याला अवतार म्हणजे देवाचे खाली उतरणे. गॅरियट यांनी शब्द आपल्याकडचाच घेतला, पण त्यांचा अवतार माणसाने आचरणाने वर चढून व्हायचे असते. चढताना पाय घसरू शकतो, हे त्या एका ओळीने दाखवले.

जुने सेव्ह मी मुद्दाम उघडलेले नाही. मूनग्लोला जाऊन पुन्हा लसूण घ्यायचा, पूर्ण दाम द्यायचे आणि जहाजाने उत्तरेच्या बेटावरील देवस्थान गाठायचे आहे. जादूसाठी लागणारे मँड्रेक वनस्पतीचे मूळ दोन्ही चंद्रांच्या अमावास्येलाच सापडते, त्यामुळे ते काम तूर्त वहीच्या पुढच्या पानावर ढकलले आहे.