पाठीतलं पाणी

नऊ महिन्यांचं, आठ किलोचं बाळ. तीन दिवस ताप, पहाटे एक झटका. कुटुंब बीडकडचं, ऊसतोडीला आलेलं. आजी म्हणाली, "उचलून घेतलं की जास्तच रडतंय, अन् टाळू बघा कशी टरारलीय." मेंदूज्वराचं निदान तिनेच केलं म्हणा ना. एवढ्या लहान बाळाची मान मेंदूज्वरात ताठ होतेच असं नाही. याचीही मऊच होती.

पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदूभोवती असतं तेच, तपासायला काढावं लागेल म्हटल्यावर वडील ताडकन उठले. तिथे सुई टोचली की पोर पांगळं होतं, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं. सुई जाते त्याच्या वरच मज्जारज्जू संपतो, हे मी चित्र काढून दाखवत होतो. पण पाण्यासाठी अँटिबायोटिकचा पहिला डोस अडवायचा नसतो. सिस्टरांनी तोवर जंतू उगवून पाहायला रक्ताचं कल्चर घेतलं, मग सूज आवरणारं डेक्सामेथासोन १.२ मिलिग्रॅम आणि लगेच सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक ४०० मिलिग्रॅम. मागोमाग दुसरं अँटिबायोटिक, व्हँकोमायसिन १२० मिलिग्रॅम, तासभर हळूहळू. डेक्सा आधी किंवा सोबतच हवं. जंतू फुटले की सूज भडकते आणि कानाची नस त्यात सापडते.

अखेर आजीने मुलाला दटावलं आणि सही झाली. पाणी आलं ते तांदळाच्या धुवणासारखं. पेशी १८००, बहुतेक न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी; साखर १८, तेव्हा रक्तातली ९६. म्हणजे जंतूंचाच मेंदूज्वर.

कल्चरमध्ये मात्र काहीच उगवलं नाही. गावातल्या डॉक्टरांकडचं अँटिबायोटिक सिरप दोन दिवस पोटात गेलं होतं. तेवढ्याने मेंदूज्वर बरा होत नाही, जंतूचं नाव तेवढं पुसलं जातं. लसीच्या कार्डावरही फक्त दीड महिन्याचे डोस. मेंदूज्वराच्या जंतूंपासूनही वाचवणाऱ्या पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल लसींचे पुढचे डोस स्थलांतरात राहून गेलेले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, बाळ दूध प्यायला लागलं आणि वडील डिस्चार्ज मागायला आले. मुकादमाची आगाऊ उचल अंगावर, कोयता बंद. त्यांचं काय चुकलं? पण मेंदूज्वराच्या जंतूंपैकी मेनिंगोकोकसला सात दिवस पुरतात, न्यूमोकोकसला दहा ते चौदा. जंतूच ठाऊक नसताना कमी दिवसांवर थांबायचं कशाच्या बळावर? आजी आणि आई राहिल्या, वडील फडावर परतले. चौदा दिवस पूर्ण झाले.

जाण्याआधी ऐकू येतं का ते पाहणारी कानाची बेरा तपासणी केली. उजवा ठीक निघाला, डाव्याची महिन्याने पुन्हा करायची आहे. तोवर पट्टा पडून तोडीचा हंगाम संपलेला असेल, म्हणून चिठ्ठी बीडच्या जिल्हा रुग्णालयाच्या नावाने दिली आणि राहिलेल्या लसी तिच्यातच लिहिल्या.