मात्सुकातो आणि वाट्याचा प्रश्न

मला अर्थतज्ज्ञ मारियाना मात्सुकातोंचं करिअर फार आवडतं, कारण धरलेला प्रश्न त्यांनी सोडलाच नाही. जन्म १९६८ चा, रोममधला, वाढल्या अमेरिकेत, पीएचडी न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमधून, मग ब्रिटनमध्ये ओपन युनिव्हर्सिटीत आणि ससेक्स युनिव्हर्सिटीत शिकवलं, आणि २०१७ मध्ये तर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला याच प्रश्नावर काम करणारी इन्स्टिट्यूटच उभी केली.

प्रश्न साधाच, नव्या टेक्नॉलॉजीची सुरुवातीची रिस्क घेतं कोण? आयफोनच घ्या ना, इंटरनेट, जीपीएस, सिरी या बोलत्या असिस्टंटमागचं संशोधन, सगळ्याच्या मुळाशी अमेरिकन सरकारचा पैसा आहे.

पण मला सगळ्यात पटलं ते टेस्लाचं उदाहरण. ओबामांच्या काळात सरकारने सोलिंड्रा नावाच्या सोलर कंपनीच्या ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली आणि टेस्लाला ४६.५ कोटींचं कर्ज दिलं, सोलिंड्रा २०११ ला बुडाली तर तोटा जनतेच्या माथी, आणि टेस्लाने २०१३ ला कर्ज फेडलं, शेअर वर गेला, तो फायदा मात्र गुंतवणूकदारांचा. अरे, रिस्क तर दोन्हीकडे जनतेचीच होती!

सरकारला जिंकणारा घोडा ओळखता येत नाही असं टीकाकार म्हणतात, पण व्हेंचर कॅपिटलवालेही, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसा लावणारे, बरेच डाव हरतातच की, त्यांना कोणी नालायक म्हणत नाही. म्हणून मात्सुकातो सांगतात की सरकारने अशा कंपन्यांत थोडे शेअर ठेवावेत, म्हणजे एकीच्या कमाईतून दुसरीचा तोटा भरून निघेल.