जॅक वर, तरी बझर चालू

जानेवारीत अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात मोटरहोमची, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांची, दाटी असते, आणि आमचं फिरत्या दुरुस्तीचं बरंचसं काम तेव्हा तिथंच निघतं. त्या दिवशीची गाडी पेट्रोलवरची, चार हायड्रॉलिक लेव्हलिंग जॅकची, म्हणजे मुक्कामाला गाडी समतल करणाऱ्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पायांची. खडबडीत रस्त्याला लागली की ‘जॅक खाली’चा लाल दिवा पेटायचा, बझर कर्कश वाजायचा आणि दहा-बारा सेकंदांत आपोआप बंद व्हायचा. मालकांनी दोनदा कडेला थांबून वाकून पाहिलं होतं. चारही जॅक वरच. एका गॅरेजात पुढच्या उजव्या जॅकचा स्विचही बदलून झाला होता. आता त्यांचं म्हणणं, बझरची वायरच तोडून टाका.

हे कधीही करू नये. जॅक लोंबत असताना गाडी निघाली तर तो वाकतो, त्याचा ब्रॅकेट चेसिसवरून (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरून) उखडतो, तेलाची नळी फाटून तेल रस्त्यावर सांडतं.

या गाडीत प्रत्येक जॅकला एक स्विच होता. जॅक पूर्ण वर गेला की स्विच उघडा, म्हणजे जोड तुटलेली. जरा जरी खाली असला की जोड लागते, म्हणजे वायर चेसिसला जोडली जाते (‘अर्थ’ मिळतो) आणि बझर वाजतो. चारही स्विच एकाच वायरवर जोडलेले, त्यामुळे दिवा एकच. कुठला जॅक तक्रार करतोय ते पॅनेल सांगत नाही. सगळ्या गाड्यांत अशी रचना नसते. काहींत तेलाच्या दाबावर चालणारा स्विच पंपाजवळ असतो, म्हणून आधी वायरिंगचा नकाशा पाहावा.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, सरकू नये म्हणून चाकांना ओट लावलेली. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. झडप उघडली तर गाडी एकदम खाली बसते. म्हणून चेसिसखाली स्टँड लावले. रॉडवर वाळवंटातली बारीक धूळ चिकटली होती. ती पुसून कोरडा सिलिकॉन स्प्रे मारला. ग्रीस लावलं तर वाळू आणखी धरते आणि सील खाते. प्रत्येक जॅकच्या दोन्ही स्प्रिंगा शाबूत, ताण सारखा. तेलाची पातळी चारही जॅक वर घेऊनच पाहिली; खाली असताना टाकी भरली तर जॅक वर घेताना तेल उतू जातं.

उभ्या गाडीत बझर वाजेना, मग दोष धरणार कसा? पॅनेलकडचा प्लग काढला, चारही जॅकचे प्लग सोडवले आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो त्या सेटिंगवर) लावून एक टोक बझरच्या त्या सामाईक वायरला, दुसरं चेसिसला. आता मीटर वाजायचं काही कारणच नाही. सहकाऱ्याने हार्नेस (वायरांचा जुडगा) मागून पुढे वीत-वीत हलवत नेला. मागच्या डाव्या चाकाच्या वर हात गेला आणि मीटर वाजला. म्हणजे दोष स्विचमध्ये नाही, वायरमध्येच.

तिथं प्लास्टिकची क्लिप तुटली होती. वायर चेसिसच्या धारेवर टेकलेली. नखाएवढं आवरण झिजून आतलं तांबं काळपट-हिरवं पडलेलं, आणि त्यासमोर धारेवरचा रंग जाऊन लोखंड चकचकीत झालेलं. खड्ड्यात गाडी आदळली की दोघं भेटायचे.

सुमारे 10 सें.मी. तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर क्रिम्प केली (धातूच्या नळीत दाबून जोडली), सांध्यांवर हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवली, वर खाचेरी नळी घातली आणि रबरी क्लॅम्पने वायर धारेपासून चार बोटं लांब बांधली.

इथं बरेच जण काम संपवतात. पण या रचनेत वायर तुटली तरीही बझर गप्पच बसतो, म्हणून नुसत्या शांततेवर भागत नाही. सगळे प्लग जोडून, स्टँड काढून, इग्निशन चालू ठेवून एकेक जॅक थोडा खाली सोडला. मागचे दोन्ही वाजले, पुढचा डावाही वाजला. पुढचा उजवा जमिनीला टेकला तरी आवाज नाही. स्विच नवाच होता. पण प्लगमधली एक पिन बसवताना मागे सरकली होती. पिन कट्ट आवाज होईपर्यंत आत दाबली, जॅक पुन्हा खाली घेतला आणि बझर वाजला.