पेस्टचे काम आणि संध्याकाळचा पेला

आज निफाडकडच्या एका द्राक्षबागेत गोडीबार छाटणीनंतरचे (फळे धरण्यासाठीच्या छाटणीनंतरचे) पेस्टिंग पाहिले. छाटलेल्या काडीच्या एकेका डोळ्यावर (जिथून नवा कोंब फुटतो त्या कळीवर) मजूर हायड्रोजन सायनामाइडचे द्रावण बोळ्याने लावत होते. काहींच्या हातमोज्यांची बोटे फाटली होती. नाशिकची थंडी द्राक्षाच्या डोळ्यांची सुप्तावस्था पूर्ण मोडण्याइतकी नसते, म्हणून हे रसायन लागते. ते डोळ्यातील कॅटलेज या विकराचे (एन्झाइमचे) काम मंदावते, हायड्रोजन पेरॉक्साइड साचते आणि त्या ताणातून डोळे एकसारखे फुटतात.

हेच रसायन त्वचेतून किंवा श्वासावाटे माणसाच्या शरीरात गेले, तर ते यकृतातील अल्डिहाइड डिहायड्रोजनेज या विकराला अडवते. एरवी त्याचा मोठा उपद्रव जाणवला नाही, तरी कामानंतर थोडी दारू घेतली की तिच्यापासून बनणारे, याच विकराने मोडले जाणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात साचते. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरू शकतो. दारू सोडवण्यासाठी सायनामाइड औषध म्हणून वापरले गेले आहे, ते याच गुणामुळे.

मला खरी काळजी वाटते ती दवाखान्यातील नोंदीची. केसपेपरवर ‘व्यवसाय : शेती’ एवढेच लिहिले, तर अशा रुग्णाचे निदान सहज हुकेल. छाटणीच्या हंगामात तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘आज पेस्ट लावली का, आणि दारू घेतली का’ हे दोन प्रश्न छापील असावेत. मुकादमांनीही मजुरांना ही गोष्ट काम सुरू होण्यापूर्वीच, स्पष्ट शब्दांत सांगावी आणि फाटके हातमोजे तिथल्या तिथे बदलून द्यावेत.