मावशीचं क्रिएटिनिन

मंगळवार, सांगली

मावशी पलूसहून आली. मेथीच्या पेंडीखाली घडी घातलेला रिपोर्ट. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, १.४. "जरासंच वाढलंय गं, काय न्हाई."

हेच १.४ पंचविशीतल्या पोराचं असेल तर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, ७०च्या आसपास निघते. अडुसष्टच्या मावशीचं मी मोबाईलवर काढलं तर ४१. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. म्हातारपणी स्नायू झडतात, ते कमीच तयार होतं, त्यामुळे आकडा साधासुधा दिसतो. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त ६०च्या खाली राहिला की जुनाट किडनीविकार धरतात. तिच्या सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावरही तो ६०च्या खालीच.

"पण दुखत तर कुठं न्हाई." दुखतो तो मुतखडा, आणि त्याचे डॉक्टर वेगळे, युरॉलॉजिस्ट. आपल्याकडं दोन्हीला एकच 'किडनीचा त्रास' म्हणतात नि कुळथाचं कढण पाजतात. साखर आणि बीपी किडनी पोखरतात ते गुपचूप. पायावर सूज, लघवीला फेस हे दिसेपर्यंत बरंच गेलेलं असतं. त्यात गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफेनॅक, दुखण्यावरची गोळी! या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो.

नुसतं ४१ असतं तर नेहमीच्या डॉक्टरांनीही सांभाळलं असतं. ईजीएफआर ३०च्या खाली गेला, किंवा भराभर उतरू लागला, तर नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीतज्ज्ञ, गाठायचाच. पण लघवीतून गळणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी तिची कधी झालीच नव्हती. ती केली. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३०च्या आत हवं, ३००च्या वर गेलं तर तज्ज्ञाकडं. आज आलं ४२०.

शुक्रवारी मिरजेला नेफ्रॉलॉजिस्टकडं जायचं ठरलं. मावशीचा धसका एकच, "तिथं गेलं की डायलिसिसवर घालत्यात." उलटंच आहे खरं तर. उशिरा पोचणाऱ्यांच्या मानेत घाईनं नळी घालावी लागते, कारण हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा, वापरण्याजोगा व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. लवकर गेलं तर औषधांनी ती वेळ पुष्कळ लांबवता येते. काहींवर येतही नाही. हे तिला पटलं की नाही, देव जाणे. चहा मात्र दोनदा घेतला.

जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं सगळं एका पिशवीत भरलं. बाजारातल्या बिननावाच्या चूर्णाची डबीही घे म्हटलं.

"त्याचं काय सांगायचं डॉक्टरला?"

"तेच आधी सांगायचं."