एमजीबीचे मागचे शॉकअप: मी लिव्हरवालेच का ठेवले

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ती बाळगणारे दोघे भेटले की मागच्या शॉकअपचा विषय निघतोच, आणि कुणीतरी ठामपणे सांगतं, "ते जुने लिव्हरवाले काढ आणि टेलिस्कोपिक बसव." माझी १९७१ ची जीटी आहे, म्हणजे पक्क्या छताची एमजीबी, क्रोम बंपरची. तिचे मागचे दोन्ही शॉकअप गळायला लागले तेव्हा मलाही हेच ऐकायला मिळालं. मी लिव्हरवालेच ठेवले. त्याची कारणं सांगते.

शॉकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती नळकांडी, म्हणजेच टेलिस्कोपिक. एमजीबीला ती नाही. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी बनली आणि शेवटपर्यंत तिला आर्मस्ट्राँगचे लिव्हर शॉकअपच होते. चासीला दोन बोल्टांनी आवळलेला एक ओतीव डबा, त्यातून बाहेर आलेला हात, आणि हाताच्या टोकाला खाली पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) प्लेटपर्यंत जाणारी लिंक. ॲक्सल वर-खाली झाला की हात शाफ्टला फिरवतो आणि आतले दोन छोटे पिस्टन तेलाला वाल्वमधून ढकलतात. स्ट्रोक थोडा, तेलही थोडं, त्यामुळे आतला दाब जबरदस्त. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे झीज झाली की तेल पाझरतं, तेलाच्या जागी हवा शिरते, आणि हात हलवला की सुरुवातीचा थोडा भाग नुसता पोकळ लागतो.

माझ्या गाडीचं नेमकं तेच झालं होतं. कोव्हेंट्रीच्या जवळून फॉस वे जातो, रोमनांनी आखलेला सरळसोट रस्ता, आताचा बी४४५५. त्यावरचे उंचवटे वेगात घेतले की गाडीची मागची बाजू एकदा उठायची ती स्थिरच व्हायची नाही. लिंक सोडवून हात हाताने हलवून बघितला की दुसऱ्या कुठल्या परीक्षेची गरज उरत नाही. चांगल्या शॉकअपचा हात वर आणि खाली, दोन्हीकडे संथ आणि सारख्या जोराने सरकतो. मध्येच सैल पडला की समजायचं.

आता टेलिस्कोपिक. स्पॅक्स, कोनी, गॅझ असे पर्याय आहेत आणि ते चांगलेच आहेत. तेल जास्त, स्ट्रोक लांब, त्यामुळे सलग जोरात चालवली तरी तापून मऊ पडत नाहीत. ट्रॅकवर नेणाऱ्याने तेच घ्यावेत, यात वाद नाही. पण किटचं वरचं ब्रॅकेट बसतं लिव्हर शॉकअपच्याच भोकांत, आणि ब्रॅकेट जितकं लांब बाहेर येतं तितका त्या भोकांवर पीळ वाढतो. पन्नास वर्षांच्या पत्र्याला तो पीळ द्यायचा का, हे आधी गंज खरवडून बघावं. शिवाय ॲक्सलला खाली जाण्यापासून अडवणारे पट्टे तुटलेले असतील तर खड्ड्यात तो सगळा झटका शॉकअपवरच येतो. विमा कंपनीला हा बदल कळवावा लागतो, तेही विसरू नये.

मला सगळ्यात जास्त खटकला तो कडकपणा. ओळखीच्या एका रोडस्टरमध्ये, म्हणजे उघड्या छताच्या एमजीबीत, टेलिस्कोपिक होते; तिच्यात बसून बघितलं. किट फार घट्ट लावलेलं होतं, मागचा भाग हलका, त्यामुळे खराब डांबरावर ॲक्सल नुसता उड्या मारत होता. पाटे मऊ असताना शॉकअप कडक केला तर चाक रस्त्याला धरून राहत नाही, आणि वळणावर मला चाक रस्त्याला धरूनच हवं.

म्हणून रिकंडिशन केलेले लिव्हर. इथे मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. जुने द्यायचे, तयार जोडी घ्यायची, जुने पोहोचले की अनामत परत, अशी पद्धत आहे. पहिली जोडी मागवली ती काळ्या रंगात लखलखत होती, पण शाफ्टला हाताने धरून हलवलं तर स्पष्ट खेळ. सील नवं, तेल नवं, झीज जुनीच. ती परत केली.

कोल्हापूरला अप्पांना फोन लावला. उद्यमनगरात त्यांनी आयुष्यभर लेथ चालवला आहे. एमजीबी त्यांनी बघितलेली नाही, पण अँबॅसडरची इंजिनं भरपूर उघडली आहेत, आणि ती १४८९ सीसीची इंजिनं माझ्या १७९८ सीसीच्या इंजिनाच्याच घराण्यातली, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी सिरीजची. सगळं ऐकून ते म्हणाले, "अगं, शाफ्टचं भोक, बोअर, लंबगोल झालाय तर सील काय करणार? शाफ्ट ग्राइंड केला का विचार, बुश नवा घातला का विचार. नसेल तर घेऊ नको."

तेच दोन प्रश्न मी पुढच्या दुकानदाराला विचारले. त्याने शाफ्टचं माप, बुशचं माप, सगळं न अडखळता सांगितलं. त्याच्याकडून घेतले.

बसवण्याआधी शॉकअप व्हाइसमध्ये उभा धरावा, तेल भरायच्या प्लगच्या भोवतीची घाण आधी पुसावी, कारण रेतीचा कण आत गेला तर वाल्व गेला. मग हात पूर्ण वर, पूर्ण खाली, असा हवा निघेपर्यंत चालवावा आणि तेल भरावं. गाडीखाली बसवल्यावर त्या प्लगपर्यंत पाना नेणं फार त्रासाचं. त्याच वेळी लिंकचे रबरी बुश, पाट्यांचे बुश आणि ते पट्टेही बदलून घेतले. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही, त्यामुळे खाली वाकून बघणारं दुसरं कुणी असेलच असं नाही. मी तरी दर वर्षी ती करून घेते.

आता फॉस वेवर गाडी उंचवट्यावरून उतरते आणि एका दमात बसते. पुढच्या शॉकअपचं काम अजून राहिलंय. तिथे लिव्हरचा हातच सस्पेन्शनचा वरचा आर्म असतो, त्यामुळे तिथे टेलिस्कोपिकचं गणित आणखी वेगळं आहे. ते काम झालं की त्यावर लिहीन.