मॉनमथ, मका आणि एक बाण

भाचीच्या शर्टवर सोन्याचा इवलासा बाण दिसला. "छान आहे गं ब्रोच," म्हटलं तर बाईसाहेब फिस्कारल्या. "मावशी, ब्रोच काय! बॅज आहे तो, पाय बीटा फायचा, कॉलेजातल्या मुलींच्या आमच्या मंडळाचा." मग तो बाण जिथून सुटला ते गाव बघायचंच ठरलं.

शिकागोहून रेल्वेने गेल्सबर्ग, पुढे पंचवीसेक किलोमीटर गाडीने. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला मका. त्यातून इलिनॉयमधलं मॉनमथ उगवतं, आणि त्यात होल्ट हाउस. तिथे आधी वेळ ठरवून जावं लागतं. मी तारीख चुकीची लिहून ठेवली होती, भाचीने सावरून घेतलं.

मेजर जेकब होल्ट यांच्या या घरात मॉनमथ कॉलेजच्या दोन विद्यार्थिनी भाड्याने राहत, एडा ब्रुएन आणि लिबी ब्रुक. ग्रीक अक्षरांची नावं लावणाऱ्या मुलांच्या गुप्त मंडळांत मुलींना जागा नव्हती. म्हणून २८ एप्रिल १८६७ रोजी बारा जणींनी इथे आपलंच मंडळ काढलं. नाव ठेवलं आय. सी. सोरोसिस. 'पाय बीटा फाय' ही ग्रीक अक्षरं नावावर चढली ती १८८८ मध्ये. 'सोरॉरिटी', म्हणजे भगिनीसंघ, हा शब्द तेव्हा जन्मलाच नव्हता, त्यामुळे बायकांचं मंडळ असूनही हे अजून स्वतःला 'फ्रॅटर्निटी'च म्हणवतं. म्हणजे भगिनींचा बंधुसंघ!

मला खरी गंमत वाटली ती बॅजची. मंडळ गुप्त, पण खूण छातीवर, सगळ्यांना दिसेल अशी. भाचीने आपला बॅज काढून तळहातावर ठेवला. बोटाच्या पेराएवढा बाण, पिसांवर अक्षरं, खाली नाजूक साखळी. साखळीला कड्या बारा, त्या बारा जणींच्या. चष्मा लावून मी मोजल्या.

तीनच वर्षांनी, १८७० मध्ये, याच कॉलेजात मुलींचं आणखी एक मंडळ, कॅपा कॅपा गॅमा, निघालं. त्यांची खूण सोन्याची किल्ली, शिवाय घुबड. आपल्याकडे कोणी घुबड छातीवर मिरवलं असतं का, देव जाणे. पुढे कॉलेजने अशा मंडळांवर बंदीच घातली, तरी मुली काही काळ लपूनछपून भेटतच राहिल्या.

परतताना मी विचारलं, "आय. सी. म्हणजे काय गं?"

"ते सांगत नाहीत."

गेल्सबर्ग जवळ आल्यावर पुन्हा विचारून पाहिलं.

"मावशी, मका बघ."